बैठकीची पूर्वतयारी, सूचनार्थ प्रतिलिपीसह

शनिवारी संध्याकाळी आमच्या ह्यांनी मला सांगितलं की कागद लालबर्राला पोहोचला, तेव्हा मी वाटाणे सोलत होते. मी विचारलं, कोणता कागद. "बैठकीचा," ते म्हणाले, आणि सोललेले चार दाणे उचलून तोंडात टाकले. त्यानंतर म्हणे मी बराच वेळ एकच रिकामी शेंग सोलत बसले होते. शेजारची अंजू तेव्हा ओट्यावर बसलेली होती, तिने हे मागाहून सांगितलं. मला स्वतःला काही आठवत नाही.

बैठक होती माझ्या भासऱ्यांच्या लग्नाची. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, मधुकर भाऊजी. साठी ओलांडलेले, वनखात्यातून निवृत्त, सारी उमर बैहरच्या जंगलात गेलेली. वाघ आडवा आला तरी आवाज न चढवणारा माणूस. जाऊबाई गेल्यापासून दोन गल्ल्या पलीकडच्या घरात एकटे राहतात आणि रोज संध्याकाळी मला फोन करून विचारतात, "तुमच्याकडे लाइट हाय काय?" दोन्ही घरांची लाइट एकाच डीपीवरून येते. त्यांच्याकडे असली की आमच्याकडे असतेच, हे वनखात्यातल्या माणसाला कळत नसेल असं नाही. पण संध्याकाळी कुणाशी तरी एक वाक्य बोलावं लागतं.

तर या भाऊजींना आमच्या शेजारच्या डोमाजीकाकांनी एका तेरवीच्या जेवणात लालबर्राच्या कालिंदीताईंसमोर पंगतीत बसवलं. डोमाजीकाका निवृत्त पटवारी. नोकरीत असताना जमिनी मोजल्या, आता बालाघाट जिल्हाभरातली लग्नं जुळवतात. कालिंदीताई गणिताच्या शिक्षिका, नुकत्याच निवृत्त झालेल्या, आणि यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. तेरवीत काय बोलणं झालं ते देव जाणे, पण त्यानंतर भाऊजी दर आठवड्याला धानाचा भाव बघायला लालबर्राला जायला लागले. भाऊजींच्या नावावर धानाचं एक रोपही नाही.

अडचण होती ती ताईंच्या मुलाची, अनिशची. तो नागपूरला कंपनीत. त्याचं म्हणणं असं होतं की आई आता नागपूरला येईल, नातवंडांत रमेल, तिला या वयात हे कशाला. तरी डोमाजीकाकांनी त्याला बैठकीपुरतं राजी केलं होतं. लालबर्राचं घर ताईंच्या दिरांबरोबर सामाईक, तिथे हा विषय काढायची सोय नव्हती, म्हणून रीत मोडून बैठक आमच्याकडे ठरली. आमच्यात एकदा मोडलेली बैठक पुन्हा बसत नाही. अनिश 'नाही' म्हणाला असता तर लग्न तर गेलंच असतं, पण भाऊजींना लालबर्राच्या बसमध्ये चढायचंही तोंड राहिलं नसतं. मग संध्याकाळी त्यांनी कुणाला काय विचारलं असतं?

आणि आमच्या बाजूने बोलायचं होतं मी. माझं शिक्षण दहावीपर्यंत, पुढचं सगळं मराठी मंडळाच्या वाचनालयातलं आणि किराण्याच्या पुड्यांवरचं. तरी घरात बोलायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघतात. मी घाबरले होते, आणि जबलपूरला शिकणाऱ्या आमच्या श्रियाला ते फोनवरच कळलं. ती आली तेव्हा तिने माझ्या मोबाइलात एक मदतनीस घालून दिला. "मम्मी, मीटिंग के पहले इसको बस सब बता दे," ती म्हणाली, "दो मिनिट में तुझे तैयार कर देगा." मराठी तिला कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. तो मदतनीस मात्र मराठी बोलायचा, बाईच्या आवाजात, आणि इतकं शुद्ध की मी पहिल्या दिवशी पदर सावरून बसले.

एकदम भाऊजींच्या लग्नावर प्रयोग नको म्हणून मी आधी बँकेतल्या भेटीची तयारी करून बघितली. ह्यांच्या पेन्शनीसाठी दरवर्षी जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठी बँकेच्या बाबूला भेटायचं होतं. मदतनिसाने चार मुद्दे दिले, नियम दिले, आवाज कसा ठेवायचा तेही दिलं. चौकातल्या मोहितच्या ऑनलाइन सेंटरवरून मी त्याचा कागद काढला आणि बँकेत जाऊन त्यावरून न अडखळता बोलले. बाबू चकित झाला. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि मॅडम आपण कोणत्या विभागातून आलात असं अदबीने विचारलं. मग म्हणाला, पेन्शनर कुठे आहेत? पेन्शनर घरी अंगणात ऊन खात बसले होते. ते स्वतः हजर पाहिजेत ही शेवटची ओळ मोहितच्या मशीनने खालून कापली होती. जिवंत माणूस घरी ठेवून मी त्याच्या जिवंतपणाचा दाखला मागायला गेले होते. पण बाबूने मला फाटकापर्यंत पोहोचवलं, ही गोष्टही खरी आहे. असा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता. मी कापल्या गेलेल्या ओळीबद्दल मदतनिसाला माफ केलं आणि भाऊजींचं लग्न त्याच्या हाती दिलं.

इथे थोडं आमच्या सवयीबद्दल सांगायला पाहिजे. आमच्याकडे कुणाला काम सांगताना नुसतं काम सांगत नाहीत. भांडीवालीला भांडी घास म्हणण्याआधी आज भांडी इतकी काहून झाली, कोण आलं होतं, ते कोणावर रुसून जेवले नाहीत आणि मागच्या खेपेला कशावरून रुसले होते, इतकं सांगून मग काम येतं. न सांगणं म्हणजे समोरच्याला परकं समजणं. मी मदतनिसाला परकं समजले नाही. चिवड्यासाठी पोहे भाजता भाजता त्याला सगळं सांगितलं. भाऊजींची साखर, आणि ती असूनही सकाळी चौकात उभं राहून खाल्लेली जिलेबी. त्यांचं घोरणं, ज्यामुळे एका लग्नात जानोशाच्या खोलीतून वऱ्हाडी अंगणात झोपायला गेले होते. रुसले की ते बोलत नाहीत, नुसते कुलपांना तेल घालत बसतात, हेही. आणि एक गोष्ट मी फक्त एकदाच पाहिली होती आणि ह्यांनाही सांगितली नव्हती, तीही सांगितली. एका दुपारी भाजी द्यायला गेले तेव्हा भाऊजींनी दोन ताटं वाढलेली होती. मला बघून त्यांनी एक चटकन उचललं आणि म्हणाले, "तू येशील वाटलं." मी येणार हे त्यांना माहीत असायचं काहीच कारण नव्हतं.

समोरच्यांबद्दलही सांगितलं. ताई कडक आहेत, वर्गात कुणी अर्धं वाक्य बोललेलं त्यांना चालत नसे. अनिश तसा वाईट नाही, पण त्याला मोठेपणा लागतो. डोमाजीकाका मुद्द्यावर यायला दुपार घेतात. शेवटी म्हटलं, बाई, दोन्हीकडच्यांचं भलं होईल असा एक कागद करून दे.

तिने दिला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि मी वाचून थक्क झाले. माझ्या सगळ्या बडबडीचा तिने कसा सुरेख कागद केला होता. वर 'भेटीचा उद्देश'. खाली 'आपल्या पक्षाच्या कमकुवत बाजू', त्यात जिलेबी, घोरणं, कुलपं. मग 'समोरच्या पक्षाचा स्वभाव'. त्यात लिहिलं होतं की अनिश हा मुख्य अडथळा असून मोठेपणा दिल्यास तो विरघळण्याची शक्यता आहे. मग 'संभाव्य धोके', आणि पहिलाच धोका म्हणजे मध्यस्थ डोमाजी, विषय लांबवण्याची सवय, यांच्यासाठी वेळ राखून ठेवावा. बोलायची वाक्यंसुद्धा लिहून दिली होती, आणि प्रत्येक मुद्द्याला किती मिनिटं तेही. असा कागद हाताशी असला की मी दिल्लीत जाऊनही बोलले असते. मी तो मोहितच्या फोनवर पाठवला आणि ह्यांना सांगितलं की बाजारातून येताना एक कागद काढून आणा, अनिशला शब्द दिल्याप्रमाणे पत्ता आणि वेळ कळवून टाका, आणि जिरं आणा.

आता आमचे हे. सिंचाई विभागातून बडे बाबू म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या हातून गेलेल्या कागदाला कधी कुणी खोट काढली नाही, कारण ते कागदाचा समास बघतात, तारीख बघतात, खालची सही बघतात, आणि मधला मजकूर हा साहेबाचा विषय समजतात. मोहितच्या दुकानात त्यांच्या हातात तो कागद आला. वर 'बैठक', 'उद्देश', 'मुद्दे'. इतका व्यवस्थित कागद निवृत्तीनंतर पहिल्यांदाच हातात आलेला. त्यांना भरून आलं असावं. ज्या बैठकीला इतका रीतसर कागद आहे तो सदस्यांना आधी न मिळणं म्हणजे त्यांच्या लेखी बैठकच बेकायदेशीर. त्यांनी तिथल्या तिथे प्रती काढल्या, खिशातल्या पेनाने जावक क्रमांक टाकला, आणि खाली आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं: सूचनार्थ प्रतिलिपी. एक, श्री मधुकर. दोन, श्री डोमाजी, मध्यस्थ. तीन, श्रीमती कालिंदी, लालबर्रा. चार, श्री अनिश, द्वारा श्रीमती कालिंदी. भाऊजींची आणि काकांची प्रत स्वतः पोहोचवली. लालबर्राच्या दोन प्रती लिफाफ्यांत घालून बसच्या कंडक्टरजवळ दिल्या. आमच्याकडे बसच्या कंडक्टरकडे दिलेली वस्तू हरवत नाही. या गोष्टीचा मला आयुष्यात पहिल्यांदाच राग आला.

वाटाण्यांची शेंग हातातून सुटल्यावर मी ह्यांना विचारलं, तुम्ही वाचला का तो?

"वाचाचं काम माहं नव्हतं," ते शांतपणे म्हणाले. "मी फक्त पुटअप केला."

जिरं आणायचं ते विसरले होते.

तोपर्यंत अंजूने कागद हातात घेऊन वाचला होता आणि तिच्या चेहऱ्यावर मी आजवर न पाहिलेला आनंद होता. तिने सल्ला दिला की फोन करून सांगायचं, मोबाइल हॅक झाला. आजकाल कलेक्टरांचाही होतो. तेवढ्यात समोरच्या भाभी आल्या, त्यांनी सुचवलं की हे दुसऱ्या कुण्या मधुकरबद्दल आहे असं सांगावं, बालाघाटात मधुकर काय एकच आहे. दुसरा जिलेबी खाणारा, घोरणारा, वनखात्यातला मधुकर रात्रीतून कुठून आणायचा हे त्यांनी सांगितलं नाही. मी मदतनिसालाच विचारलं. तिने झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला आणि लगेच 'संकटकालीन निवेदन' नावाचा नवा कागद करून दिला. वर हेही विचारलं की तो सर्व संबंधितांना पाठवायचा आहे का. मी फोन बंद करून पिठाच्या डब्यावर उलटा ठेवला.

डोमाजीकाकांकडे मी स्वतः गेले. ते अंगणात खाटेवर बसले होते आणि प्रत त्यांच्या मांडीवर होती. घोरण्याबद्दल, जिलेबीबद्दल त्यांना काही वाटलं नव्हतं. ते फक्त 'संभाव्य धोके' बघत होते. इतकी लग्नं जमवली, ते म्हणाले, साप निघालेल्या मांडवात जमवली, पण धोका मले कोणी नाही म्हटलं. उद्या येईन, कारण शब्द दिला आहे. पण तोंड उघडणार नाही. तुमचा वेळ वाचला पाहिजे ना.

घरी परत आले तर फाटकाशी भाऊजी उभे. शर्टाच्या खिशात कागदाची घडी दिसत होती. त्यांनी कुठल्याच गोष्टीची तक्रार केली नाही. बराच वेळ फाटकाची कडी खालीवर केली आणि म्हणाले, "साधना, ते दोन ताटांचं काहून लिवलं?"

मी म्हटलं, भाऊजी, मी लिहिलं नाही. मी फक्त सांगितलं.

त्यांनी मान हलवली, जसा काही या दोन गोष्टींत फरक असतो. मग कडी लावून निघून गेले. त्या संध्याकाळी लाइट आहे का विचारायला फोन आला नाही. मी बँकेच्या दारात ताठ मानेने उभी होते ते आठवून मला स्वतःचीच लाज वाटली.

मला वाटलं होतं पाहुणे येणारच नाहीत. पण रविवारी ऊन चढायच्या आत अनिशची गाडी दारात लागली आणि ताई उतरल्या. निळसर सुती साडी, हातात मोठी पर्स, चेहरा पेपर वाटायला वर्गात येणाऱ्या बाईंसारखा.

आमच्याकडची बैठक कशी चालते ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी पाणी. मग पाहुणे मूळचे कोणत्या गावचे, तिथला अमुक तुमचा कोण, म्हणजे तो आमच्या मावशीच्या दिराचा व्याही, असं करत नातं सापडेपर्यंत बोलायचं. ते सापडलं की धान. यंदा चिन्नौरला काय भाव मिळाला, तुडतुडा किती लागला. मग चिवडा, मग आणखी धान. खूप उशिरा मध्यस्थ खोकतो आणि म्हणतो, "तं मग कसं?" त्यावर दोन्हीकडचे म्हणतात, "घरी विचारून कळवतो." होय किंवा नाही हे शब्द बैठकीत कुणी काढत नाही. ज्याचं लग्न असतं तो आणि जिचं असतं ती तर काहीच काढत नाहीत. उत्तर मागाहून मध्यस्थ घेऊन जातो. थोडक्यात, या सगळ्या इमारतीचा खांब मध्यस्थ, आणि तो खांब कोपऱ्यातल्या खुर्चीवर तोंड मिटून बसला होता.

पाणी झालं. नंतर काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. ह्यांनी गुडघ्यावर फाइल ठेवली होती. भाऊजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. मी ताईंना म्हटलं, यंदा थंडी बरी आहे. त्या म्हणाल्या, हो. आणि एवढ्यात स्वयंपाकघरातून, पिठाच्या डब्यावरून, तो शुद्ध आवाज आला. सकाळी वेळ बघायला मी फोन चालू केला होता, तेवढी चूक झाली.

"पहिल्या मुद्द्यासाठी ठेवलेला वेळ संपला आहे. कृपया दुसऱ्या मुद्द्याकडे वळावे."

डोमाजीकाकांचं मौन तिथेच सुटलं. त्यांनी दाराकडे बघून विचारलं, "ह्या बाई कोण? ह्यांले बाहेर काहून नाही बसवलं?"

मी आत धावले, फोन पिठात खुपसला आणि परत आले तर अनिश घसा साफ करत होता. त्याने आपली प्रत काढून गुडघ्यावर पसरली होती, आणि दुसऱ्या हातात त्याचा स्वतःचा फोन होता. फोनमध्ये बघत तो म्हणाला, "सर्वप्रथम, आपण दाखवलेल्या मनमोकळेपणाचं मी मनापासून स्वागत करतो."

मी हादरले. हेच वाक्य, शब्दाला शब्द, माझ्या कागदावर मला म्हणायला दिलेलं होतं. तो पोरगाही तयारी करून आला होता, आणि त्याच मदतनिसाकडून. आता तो काय म्हणेल ते मला पाठ होतं आणि मी काय म्हणेन ते त्याला. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्याने फोन खिशात टाकला आणि नागपूरच्या माणसासारखा साधा बोलला. "काकू, मी विरघळतो?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या कागदावर नव्हतं. मी म्हटलं, चिवडा घ्या ना.

"नाही, सांगा ना. मले मोठेपणा दिला की मी विरघळतो. माझ्या आईच्या हाती हे आलं. गाडीत पूर्ण रस्ताभर ती हसून राह्यली."

ह्यांनी फाइल उघडून बंद केली. त्यांनी कागद काल रात्री पहिल्यांदा वाचला होता आणि तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. मी उठून हात जोडणार होते. अनिश तोंड घट्ट करून बसला होता आणि मला दिसत होतं की हा आता निघतो, आणि तो निघाला की संपलं. त्याच वेळी ताईंनी पर्समधून चष्मा काढला, मग आपली प्रत काढली, आणि ती हातावर सपाट केली.

"माझं होऊ दे," त्या म्हणाल्या. "मग तू बोल."

त्यांनी वरून सुरुवात केली. घोरणं म्हणाल तर ताईंच्या माहेरी वडिलांपासून सगळेच घोरतात, स्वतः घोरत नाही अशी ताईंनाही खात्री नाही. जिलेबी चौकात उभं राहून खाणं वाईट, बसून खावी. कुलपांना तेल घालणारा माणूस रुसण्यातही काही कामाचं करतो, लालबर्राच्या घराची सगळी कुलपं गंजली आहेत. त्या असं एकेक गणित तपासल्यासारखं पुढे जात होत्या आणि भाऊजींचे कान लाल होत चालले होते. दोन ताटांच्या ओळीशी त्या थांबल्या. ती ओळ मोठ्याने वाचली नाही. नुसतं बोट ठेवलं, थोडा वेळ ठेवलं, आणि बोट थेट कागदाच्या तळाशी नेलं.

तिथे कागदाची शेवटची ओळ होती. मी ती शंभरदा वाचली असेल आणि एकदाही पाहिली नव्हती.

ताईंनी ती वाचली. "कालिंदीताईंचं स्वतःचं मत: माहिती उपलब्ध नाही."

त्यांनी चष्मा काढला. "हे बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "कोणाकडेच नाही. अनिश, तुझ्याकडं हाय काय रे?"

"आई, तू कधी बोललीच नाही," अनिश म्हणाला.

"तू इचारलं काय? नागपूरची खोली रंगवली, तवा इचारलं, आई, भिंतीले कोणता रंग लावू. मी सांगतला. तू येशील काय, हे इचारलं?"

अनिशने तोंड उघडलं. मला त्याचा राग होता, पण तेव्हा तो एकदम शाळेतला पोरगा दिसला आणि राग कुठे गेला कळलं नाही. तो खाली बघून म्हणाला, मला वाटलं तुला आवडेल. ताई म्हणाल्या, आवडेल न आवडेल ते मागाहून. आधी विचारतात. मग त्या भाऊजींकडे वळल्या, आणि इतक्या वर्षांत कुणी त्यांच्याकडे इतकं सरळ बघितलेलं मी पाहिलं नव्हतं.

"अन् तुम्ही. तुम्ही तं दर आठवड्याले येऊन मले धानाचा भाव इचारला."

डोमाजीकाकांनी डोळे मिटून घेतले. आमच्या बैठकीत बाईने असं बोललेलं त्यांनी पाहिलं नव्हतं आणि पाहायची इच्छाही दिसत नव्हती. भाऊजी उठले. हात शर्टाला पुसले, कुणाकडे न बघता पडदा सारला आणि आत निघून गेले.

"मोडली," डोमाजीकाका म्हणाले.

मागचं दार स्वयंपाकघरातूनच आहे. मला वाटलं, त्यातून ते गेले, आता त्यांच्या घरी जाऊन कुलपाला तेल घालत बसतील आणि उद्यापासून कुणालाच काही विचारणार नाहीत, आणि हे सगळं मी केलं, पोहे भाजता भाजता केलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले, आणि पडद्यापर्यंत गेले तर आतून गॅस पेटवल्याचा आवाज आला. मग भांडं. मग आलं ठेचल्याचा. मी पडदा सोडून परत येऊन बसले. अनिशने खुणेने विचारलं, काय झालं. मी खुणेने सांगितलं, मला माहीत नाही.

बैठकीत चहा मुलगी आणते. ट्रे घेऊन, खाली बघत, आणि सगळे तिच्या हाताचा थरथराट बघतात. मी स्वतः तसा आणला आहे, लालबर्राला जाणाऱ्या प्रत्येक बसमधल्या प्रत्येक बाईने कधी ना कधी आणला असेल. पडदा सरला आणि ट्रे घेऊन भाऊजी आले. कपांमधला अर्धा चहा बशांमध्ये होता. ज्याने वाघासमोर हात हलू दिला नाही त्याच्या हातात सगळे कप एकमेकांवर वाजत होते. ते येऊन ताईंच्या समोर उभे राहिले. ट्रे कुठे ठेवायचा ते त्यांना सुचलं नाही, म्हणून तो हातातच राहिला.

"कालिंदीताई," ते म्हणाले, "साखर किती घालू?"

ताईंनी वर बघितलं. "हेच इचाराले आत गेलते?"

"नाही," भाऊजी म्हणाले. आमचे हे, मी, अनिश, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. "हे आधी इचारलं. दुसरं हे की... तुम्हाले यायचं हाय काय, माह्या घरी?"

मी पदर तोंडाला लावला. माझं लग्न झालं, माझ्या दोन नणंदांची झाली, कितीक बैठकींत मी चहा दिला, चिवडा दिला. हा प्रश्न मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. ह्यांनीही मला कधी विचारलेला नाही, आणि तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की त्यांनाही ते त्याच क्षणी कळलं असावं.

ताईंनी कागदाची घडी केली. नीट, कडा जुळवून.

"दीड चमचा," त्या म्हणाल्या. "अन् दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हौ."

कप जास्तच वाजायला लागले. अनिश उठला. मला वाटलं, निघाला. तो भाऊजींसमोर गेला, ते दोघं क्षणभर एकाच ट्रेला धरून उभे राहिले, आणि मग त्याने तो त्यांच्या हातातून सोडवून घेतला.

"तुम्ही बसा," तो म्हणाला. "मी देतो सगळ्यांले."

भाऊजी कुठे बसावं म्हणून इकडेतिकडे बघायला लागले. भिंतीजवळची त्यांची खुर्ची रिकामीच होती.

"तिथं नाही," अनिश म्हणाला. "इकडं. आईच्या बाजूले जागा हाय."